साखर गेली, गूळ आला आणि शुगर तिथेच राहिली

ताई, तुम्ही निपाणीजवळच्या गावातून विचारलंय. मिस्टरांचं वय ४६. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली आणि त्या दिवसापासून तुम्ही घरात साखर आणली नाही. चहाला गूळ, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, गोड खावंसं वाटलं की खजूर. आधी महिन्याला ४ किलो साखर लागायची, आता ५ किलो गूळ लागतो. तीन महिन्यांनी परत तपासलं तर ६.२. सासूबाई शुगरच्या गोळ्यांवर आहेत, मुलगी सातवीत आहे. आता नैसर्गिक गोडांपैकी सगळ्यात चांगलं कुठलं, नारळाची साखर मागवू की स्टीव्हिया, आणि होळीला पोळ्या करायच्या की नाही, असं तुम्ही विचारता.

मी बेळगावात २२ वर्षं आहाराचा सल्ला देते. या भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. तुम्ही मनापासून कष्ट घेतलेत, तरी आकडा हलला नाही. त्याचं उत्तर तुमच्याच किराणा यादीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

५ किलो गूळ, खाणारी ४ माणसं, ३० दिवस. माणशी रोजचा गूळ झाला सुमारे ४२ ग्रॅम. गुळात पाणी, क्षार आणि थोडी मळी सोडली तर साधारण ८५ टक्के साखरच असते, म्हणजे ३५ ग्रॅम साखर पोटात गेली. तुमची आधीची ४ किलो साखर माणशी ३३ ग्रॅम पडत होती. गूळ साखरेपेक्षा जरा कमी गोड लागतो, म्हणून हात आपोआप जास्त टाकतो. डबा बदलला, पण पोटात जाणारं माप तेच राहिलं, उलट दोन ग्रॅम वाढलं. त्यावर रोजचे दोन चमचे मध, म्हणजे आणखी ११ ग्रॅम साखर. आणि चार खजूर, त्यांत १८ ते २० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. ५ टक्के म्हणजे दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला २५ ग्रॅम. या मोजणीत मध, काकवी, पाक आणि फळांचा रस सगळं धरलेलं आहे. 'नैसर्गिक' म्हणून कुणाला सूट नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचं ओझं कमी होईल. ६.१ चं ६.२ होणं म्हणजे शुगर वाढली असं नव्हे. एवढा फरक तपासणीतही पडतो. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा, आणि मिस्टर तिथेच आहेत. अंगात लोह कमी असेल तरी हा आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आता गुळाबद्दल. आपल्या भागात गुळावर नुसतं प्रेम नाही, गुळावर घरं उभी राहिली आहेत. निपाणी-चिकोडीपासून कोल्हापूरपर्यंतचा पट्टा उसाचा. गुऱ्हाळावर रस काहिलीत कसा आटतो ते तुम्ही पाहिलं असेल. चुलवाणात चिपाडं जळत असतात, गुळव्या भेंडीच्या चिकाने रसातली घाण वर आणून झाऱ्याने काढत असतो, आणि रस घट्ट झाला की वाफ्यात ओततात. तो उसाचा रसच आहे, पाणी उडवून घट्ट केलेला. साखर कारखान्यात त्याच रसातून मळी वेगळी काढून दाणे करतात, गुळात ती तशीच राहते. रंग, वास, चव आणि थोडी खनिजं येतात ती तिथून. पण रक्तात साखर चढवणारा भाग दोन्हीकडे एकच, सुक्रोज. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. फरक आहे तो एवढाच.

'पण गुळात लोह असतं ना, मॅडम?' असतं. १०० ग्रॅमला ५ मिलिग्रॅमच्या आसपास धरा, ढेपेढेपेप्रमाणे कमीजास्त. म्हणजे १० ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम. बाईला रोज लोह हवं २९ मिलिग्रॅम. त्यातही तो खडा चहात गेला की चहातलं टॅनिन त्या अर्ध्यातलंही बरंचसं शरीरात शोषू देत नाही. लोहासाठी अळीव, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, वर लिंबू, आणि मांसाहार चालत असेल तर तो. लोहासाठी म्हणून गूळ खाऊ नका. चवीसाठी खा, आणि तोही मोजून.

माझ्या टेबलावर छोटा वजनकाटा असतो, आणि नव्या माणसाला मी सांगते की येताना घरचा चमचा आणि चहात घालता तो गूळ घेऊन या. खानापूर तालुक्यातले एक निवृत्त मास्तर आले होते. 'मी गूळच खाऊलालोय की, साखर घरात न्हाईच,' असं दोनदा म्हणाले. त्यांच्या पत्नीने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि रोजच्या सवयीने त्यातला एक खडा उचलून काट्यावर ठेवला. १४ ग्रॅम. दिवसाला चार चहा, म्हणजे ५६ ग्रॅम. दोघंही गप्प झाले. मग वहिनींनी तो खडा उचलून नखाने मधोमध तोडला आणि परत ठेवला. ८ आले. त्याचाही तुकडा केला, ४ आले. तो ४ ग्रॅमचा तुकडा त्यांनी रुमालाच्या टोकात बांधून घरी नेला, मापाला म्हणून. मी दिलेला तक्ता त्यांच्याकडे अजून आहे की नाही माहीत नाही, पण तो रुमाल दोन महिने डब्याजवळ होता असं त्यांनीच सांगितलं. तुम्ही वजनकाटा विकत घ्याच असं नाही. किराणा दुकानात एकदा २० ग्रॅम गूळ मोजून घ्या आणि घरी त्याचे पाच सारखे तुकडे करा. डोळ्याला माप बसलं की काट्याची गरज राहत नाही.

बाजारातल्या बाकीच्या गोडांचं मी काय सांगते ते ऐका.

मध. खरा मध असेल तर त्याची चव तीव्र असते, थोडक्यात भागतं, हा त्याचा गुण. खानापूरच्या जंगलपट्ट्यातला ओळखीच्या माणसाकडून मिळत असेल तर त्याला तोड नाही. बाटलीतल्या मधाचं मात्र सांगता येत नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला, सगळ्या चाचण्यांत फक्त ३ टिकले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. तुमच्या घरी सकाळचं मध-लिंबू पाणी वजन उतरवायला म्हणून चाललंय ना? त्यातलं लिंबू आणि पाणी ठेवा, मध काढा. मधाने चरबी वितळत नाही. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल, तुमचं किंवा जावेचं, तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका. मधात असू शकणाऱ्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, आणि तो जीवावर बेततो. बारशाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची पद्धत आपल्याकडे आहे, म्हणून हे दरवेळी सांगावंच लागतं.

खडीसाखर म्हणजे साखरच, फक्त मोठ्या खड्यात जमवलेली. 'सल्फरमुक्त' साखरही साखरच. ब्राऊन शुगर बहुधा पांढऱ्या साखरेलाच मळीचा हात फिरवून केलेली असते. या तिघांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

नारळाची साखर तुम्ही मागवणार होतात. गोव्याहून माडाचा गूळ आपल्याकडे पूर्वीपासून येतो, चव सुंदर असते. पण त्यातही तीन चतुर्थांश सुक्रोजच. ती रक्तात जरा सावकाश चढते असं काही तपासण्यांत दिसलं आहे, म्हणून दुकानदार तिला शुगरवाल्यांची साखर म्हणून विकतात. साध्या गुळापेक्षा कितीतरी महाग असलेली वस्तू घेऊन तीच चार चमचे घालणार असाल तर फायदा कुणाचा होतो, तुम्हीच बघा. आवडत असेल तर सणाला थोडी आणा.

खजूर, अंजीर, मनुका यांना मी वेगळ्या रांगेत बसवते, कारण त्यांत चोथा आहे. चावून खाल्लं तर पोट भरतं आणि साखर सावकाश उतरते. पण वाळलेल्या खजुरात दोन तृतीयांश साखर असते हे विसरायचं नाही. दोन खजूर, सोबत मूठभर शेंगदाणे, हा चार वाजताचा खाऊ झाला. तेच वीस खजूर वाटून 'शुगरफ्री' लाडू केले तर तो लाडूच झाला. गोकाकचा करदंट घ्या. डिंक, सुका मेवा, गूळ, म्हणून 'पौष्टिकच की' म्हणत लोक चहासोबत तीन-तीन वड्या खातात. पौष्टिक आहे हे खरं. बाळंतिणीला, अंगमेहनत करणाऱ्याला चांगलाच. पण तुमच्या मिस्टरांना एक वडी, तीही चिरून दोघांत.

आणि उसाचा रस. उन्हाळ्यात हायवेला गाडी थांबवून लोक मोठ्या विश्वासाने पितात, 'निसर्गाचंच आहे' म्हणत. एका ग्लासात २५ ते ३० ग्रॅम साखर असते. दिवसाचा सगळा कोटा एका ग्लासात संपतो.

स्टीव्हियाला मात्र मी नाही म्हणत नाही. त्याच्या पानातला गोड अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो आणि रक्तातली साखर वाढवत नाही. आपल्याकडे २०१५ पासून त्याला परवानगी आहे. फक्त पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज लिहिलेलं असेल तर भर घालायला साखरेचीच भावंडं वापरली आहेत असं समजा. चव थोडी ज्येष्ठमधासारखी, मागे कडवट, ती सगळ्यांना आवडत नाही. सासूबाईंना दिवसातून एक-दोन चहांना चालेल. वजन उतरवायला म्हणून वर्षानुवर्षं कुठलाही कृत्रिम किंवा स्टीव्हियासारखा गोडवा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांना त्या सल्ल्यातून वगळलं आहे. म्हणून मिस्टरांना आणि मुलीला मी तो सुचवत नाही. मुलीची जीभ अजून घडते आहे, तिला कमी गोडाची सवय लागू द्या. आणि हो, ज्येष्ठमध. कषायात, म्हणजे काढ्यात, गोडी यावी म्हणून कुणी रोज घालत असेल तर थांबवा. जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. गूळ, मध, माडाचा गूळ, खडीसाखर यांतलं कुठलंही घ्या, शरीराला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो किती घेता याने. ज्याची चव घरात सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडते आणि थोडक्यात भागतं, ते आणा. तुमच्याकडे तो गूळच असणार.

गूळ घेताना काय बघायचं? रंग पिवळाधमक, लख्ख असेल तर बहुधा हायड्रॉस नावाचं रसायन मारून उजळवलेला असतो. तपकिरी, मऊसर, किंचित खारट चवीचा बरा. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, जमीन आणि उसाची जात बदलली की रंगही बदलतो. रसात साखर मिसळून गूळ काढणं या पट्ट्यात नवीन नाही. तुम्ही तर गुऱ्हाळांच्या शेजारी राहता, ओळखीच्या गुळव्याकडून हंगामात समोर बघून घ्या, ही सोय बेंगळूरच्या लोकांना नाही. चहात घालताना चहा उतरवून मग गूळ घाला, उकळताना घातला तर दूध फाटतं.

आता माप कसं उतरवायचं. एकदम बंद करू नका. एकदम सोडलेलं गोड पंधरवड्यात दुप्पट होऊन परत येतं, हे मी शेकडो घरांत पाहिलं आहे. दर दहा दिवसांनी प्रत्येक चहातून पाव खडा कमी करा. पहिले तीन-चार दिवस चहा पाणचट लागतो, मग जीभ रुळते. दीड-दोन महिन्यांत १४ ग्रॅमचा माणूस ४ वर येतो आणि जुन्या मापाचा चहा त्याला चिकट लागायला लागतो. मिस्टर बाहेर चहा पीत असतील तर तिथलं माप आपल्या हातात नसतं. तिथे सरळ 'सक्करे बेडा', म्हणजे साखर नको, म्हणायला शिकवा, आणि सवय होईपर्यंत ४ ग्रॅमचा खडा खिशातल्या डबीत द्या. घरी वेलची, आलं, दालचिनी यांतलं काहीतरी थोडं जास्त घाला, वासाने गोडाची उणीव बरीच भरते. ५ किलोवरून दोन-अडीच किलोवर आलात की माणशी २० ग्रॅमच्या आसपास याल. तेवढं पुरे.

पण नुसतं गोड कमी करून ६.२ खाली येईल असं मी वचन देणार नाही. शुगर साखरेनेच वाढते हा समज अर्धाच खरा आहे. दुपारी भात, रात्री भात, सकाळी पोहे किंवा इडली, संध्याकाळी चहासोबत टोस्ट, या सगळ्याची शेवटी साखरच होते. आपल्याकडचा बेळगावचा बासमती कितीही वासाचा असला तरी ताटात त्याचा डोंगर नको. एका वेळचा भात सोडून जोंधळ्याची भाकरी, तीही दोन, सोबत वाटीभर उसळ आणि भाजी जास्त. जेवणाआधी काकडी-मुळा. जेवल्यावर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं चालणं. मिस्टरांचं पोट सुटलेलं असेल तर वजन पाच-सात टक्के उतरलं की आकडा बोलायला लागतो. चेन्नईत उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या आहार आणि हालचालीच्या बदलाने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला होता. आपल्याच अंगकाठीची, आपल्यासारखंच भात-पोळी खाणारी माणसं होती ती. म्हणून मला त्या आकड्यावर भरवसा आहे.

सासूबाईंचं वेगळं सांगायला हवं, आणि हे कृपा करून नीट वाचा. घरातून साखर पूर्ण हद्दपार केलीत, पण त्या गोळ्यांवर आहेत. काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं विसंगत होतं. अशा वेळी ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा मशीन नसेल आणि लक्षणं दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. त्यांच्या चिठ्ठीवर व्होग्लिबोस किंवा अकार्बोस लिहिलं असेल तर साधी साखर पटकन उपयोगी पडत नाही, कारण ती गोळी साखर फोडूच देत नाही. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडरच घरात हवी. आज चिठ्ठी बघा. आणि त्यांच्या किडनीचा काही त्रास निघालेला असेल तर गूळ आणि खजूर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं.

राहिली होळी. पोळ्या करा, ताई. वर्षाचा सण आहे आणि मुलीला पुरण वाटताना शेजारी उभं राहू द्या. एक वाटी डाळीला एक वाटी गूळ घालत असाल तर पाऊण घाला, जायफळ-वेलची नेहमीपेक्षा जास्त. पुरण चांगलं शिजून कोरडं झालं की पाऊण वाटीतही गोड कमी पडत नाही, मी गेली दहा-बारा वर्षं तशीच करते. शेंगा होळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, करणार असाल तर तिथेही हेच माप. त्या दिवशी मिस्टरांच्या ताटात भात नको, दूध-साखरेचा वाडगा नको. दोन पोळ्या, वर तूप, आणि कटाची आमटी हवी तितकी. पोळी ही त्या दिवसाची गोड वस्तू झाली, म्हणून संध्याकाळचा चहा बिनगुळाचा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या शेजारी द्या, डब्यात ठेवू नका. तीन महिन्यांनी तपासणी झाली की आकडा, वजन आणि त्या महिन्याला किती किलो गूळ लागला, हे तिन्ही मला कळवा.